पिन लावूनही चार्जिंग उतरते तेव्हा

मुंबईहून पुण्याला निघताना फोनवर नकाशा लावला, म्युझिक सिस्टीमच्या यूएसबी पोर्टमध्ये पिन खोचली, पडद्यावर विजेची खूणही उमटली. निघताना बॅटरी साठ टक्के होती. ट्रॅफिक धरून तीन तासांनी वाकड आले तेव्हा ती चाळिसावर होती. फोन सगळा वेळ चार्जिंगला होता, मग हे वीस टक्के गेले कुठे?

बहुतेक जण केबलला दोष देतात, काही जण फोनला. कधी कधी तो खराही असतो, पण बहुतेक वेळा उत्तर साध्या वजाबाकीत सापडते. पडदा उजळलेला, जीपीएस चालू, मोबाइल डेटा चालू, त्यात बाहेरचे ऊन म्हणून ब्राइटनेस पूर्ण. अशा वेळी फोन साधारण साडेतीन वॅट वीज खातो. म्युझिक सिस्टीमचा पोर्ट मुळात पेन ड्राइव्हवरची गाणी वाचण्यासाठी दिलेला असतो. जुन्या यूएसबी २.० पद्धतीचा असा पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. थोडी वीज वाटेत उष्णता होऊन जाते आणि फोनच्या पदरात सव्वादोन वॅट पडतात. तूट सव्वा वॅटची. तीन तासांत ती चार वॅट-तासांच्या जवळ जाते. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास मावतात; त्याचा पाचवा हिस्सा म्हणजेच ते हरवलेले वीस टक्के.

पडद्यावरची खूण खोटे बोलत नाही. वीज येते आहे, एवढेच ती सांगते. किती येते, ते सांगत नाही.

यावर उपाय म्हणून हल्ली अनेक जण डॅशबोर्डवर वेगळा चार्जिंग पोर्ट आणि फोनचा होल्डर बसवून घेतात. अॅक्सेसरीजच्या दुकानात अर्ध्या तासाचे काम. पण ज्या वायरवर हा पोर्ट चालतो ती थेट गाडीच्या बॅटरीपर्यंत गेलेली असते आणि होल्डर ज्या जागी चिकटतो तिच्या मागे कधी कधी एअरबॅग असते. म्हणून त्या अर्ध्या तासात काय काय होते, ते गाडीच्या मालकाला कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

लायटरचे भोक

गिअरच्या पुढे जे गोल सॉकेट असते, त्याची रचना सिगारेट पेटवण्यासाठी झाली होती. आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत लायटर दाबायचा, त्यातली तार लाल झाली की तो टक् करून बाहेर यायचा. लायटर गाड्यांतून जवळजवळ गेला, पण साधारण २१ मिलिमीटर व्यासाचे भोक राहिले आणि जगभरचे कार-चार्जर त्याच मापाचे बनू लागले.

या सॉकेटचा मूळ दोष इथेच आहे. काही सेकंद टिकणाऱ्या संपर्कासाठी जे बनले, त्याच्याकडून आपण तासन्‌तास घट्ट पकडीची अपेक्षा ठेवतो. खड्ड्यांतून जाताना चार्जर हळूहळू बाहेर सरकतो, टोकाचा संपर्क सुटतो-जुळतो आणि फोन दर थोड्या वेळाने 'टिंग' करत राहतो. पॅनेलला भोक पाडून मागून वायर जोडलेला कायमचा पोर्ट या बाबतीत उजवा ठरतो, कारण त्यात हलणारा सांधा एकच उरतो, केबलच्या पिनचा.

बाराचे पाच होतात कसे

गाडीची बॅटरी 'बारा व्होल्टची' म्हणतात, पण तिच्यावर नेमके बारा व्होल्ट क्वचितच असतात. आत सहा कप्पे, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, पूर्ण भरलेली आणि स्वस्थ पडलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू झाले की अल्टरनेटर, म्हणजे ज्याला आपले मेकॅनिक अजूनही डायनामो म्हणतात, तो बॅटरी भरू लागतो आणि आकडा १४ च्या आगेमागे जातो. सेल्फ मारण्याच्या क्षणी तोच आकडा नऊ-दहापर्यंत, थकलेल्या बॅटरीत त्याहूनही खाली कोसळतो. एवढ्या चढउतारातून फोनला मात्र स्थिर ५ व्होल्ट हवे असतात.

एक सरळ मार्ग असा, की जादाचे व्होल्ट उष्णतेत घालवायचे. पण हिशेब पाहा. फोनला ५ व्होल्टला २ अँपिअर दिले तर १० वॅट झाले. त्यासाठी १४ मधले ९ व्होल्ट जाळायचे म्हणजे १८ वॅटची नुसती उष्णता. उपयोग दहाचा आणि जळणार अठरा. अंगठ्याएवढ्या चार्जरमध्ये एवढी उष्णता कोंडली तर त्याचे प्लास्टिक टिकणार नाही.

म्हणून चार्जर वेगळी युक्ती वापरतो. त्यात एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. चालू असताना वीज तांब्याच्या तारेच्या एका छोट्या गुंडाळीतून वाहते आणि गुंडाळीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. स्विच बंद झाला की गुंडाळी ती साठवण पुढे सोडते, प्रवाह तुटत नाही. शेवटी बसवलेला कपॅसिटर उरलेली थरथर सपाट करतो. स्विच किती वेळ चालू ठेवायचा, त्यावर बाहेर किती व्होल्ट निघतील ते ठरते: आत १४ व्होल्ट असतील तर एकूण वेळेच्या सुमारे ३६ टक्के, १२ असतील तर ४२ टक्के. आतली चिप बाहेरच्या व्होल्टवर सतत नजर ठेवून हे प्रमाण बदलत राहते. या पद्धतीत दहातला जेमतेम एक हिस्सा वाया जातो.

या लाखो वेळच्या उघडझापेतून रेडिओ लहरीही निघतात. चांगल्या चार्जरमध्ये त्या अडवणारे फिल्टर असतात, अगदी स्वस्तात पैसे त्यावरच वाचवलेले असतात. चार्जर लावला की एफएमवरचे लांबचे केंद्र खरखरू लागले, तर आत काय नाही ते कळते. दुसरी बचत होते संरक्षणाच्या भागांवर. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल ढिले होऊन सुटले, तर अल्टरनेटरचा जोर अचानक कुठे जावे या पेचात सापडतो आणि गाडीच्या वायरिंगमध्ये क्षणभर कित्येक पटींनी जास्त व्होल्टचा झटका येतो. वाहनांसाठी नीट बनवलेल्या चार्जरमध्ये हा झटका गिळणारा घटक असतो. तो नसेल तर झटका चार्जरच्या चिपवर जातो आणि कधी कधी तिच्यातून पुढे फोनवर.

ट्रक, एसटीसारख्या मोठ्या वाहनांत २४ व्होल्टची व्यवस्था असते. तिथे '१२-२४ व्होल्ट' असे छापलेलाच चार्जर घ्यावा.

मोठा चार्जर फोन जाळतो का?

ही भीती फार पसरलेली आहे. ६५ वॅटचा चार्जर २० वॅटच्या फोनला लावला तर तो जास्तीची वीज आत ढकलेल, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात लग्नाच्या पंगतीत चालते तसे इथे चालते. वाढपी जिलबीचे ताट घेऊन समोरून जातो. ताटात पन्नास असोत की पाचशे, पानात किती पडायच्या ते जेवणारा सांगतो. चार्जर वाढपी, फोन जेवणारा. फोनच्या आत चार्जिंगवर राज्य करणारी स्वतंत्र चिप असते आणि ती हवे तेवढेच घेते.

मात्र मागायला दोघांची भाषा एक हवी. सर्वांत जुन्या पद्धतीत चार्जर यूएसबीच्या माहिती वाहणाऱ्या दोन तारा आतून एकमेकींना जोडून ठेवतो. फोनला ते जाणवते आणि समोर संगणक नसून चार्जर आहे हे ओळखून तो दीड अँपिअरपर्यंत घेतो. टाइप-सी पोर्टला आणखी दोन खास पिना आहेत. त्यांवर चार्जर आणि फोन यांचे अक्षरशः बोलणे होते: माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत, असे चार्जर सांगतो, मला ९ व्होल्टला २ अँपिअर दे, असे फोन उत्तर देतो. या पद्धतीला 'पॉवर डिलिव्हरी' म्हणतात, पाकिटावर 'पीडी' असे छापलेले असते. बोलणे पूर्ण होईपर्यंत चार्जर ५ व्होल्टच्या वर जात नाही.

अडचण अशी, की काही कंपन्यांनी आपापल्या वेगळ्या भाषा बनवल्या. घरी त्यांच्याच चार्जरवर फोन अर्ध्या तासात भरतो, पण गाडीतल्या दुसऱ्या बनावटीच्या चार्जरला ती भाषा येत नाही आणि पानात नुसता वरण-भात पडतो: ५ व्होल्ट, फार तर दोन-तीन अँपिअर. त्यामुळे '८० वॅट' लिहिलेला कार-चार्जर तुमच्या फोनला दहाच वॅट देईल, असे होऊ शकते. नकाशासाठी दहाही पुरेसे आहेत, हे मात्र विसरू नये. साडेतीन खर्च होऊन सहा बॅटरीत पडतात.

घेताना पाकिटावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा मागची बारीक अक्षरे वाचावीत. 'आउटपुट' या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअरच्या जोड्या दिलेल्या असतात. दोन पोर्ट असतील तर एकेकट्याची क्षमता किती आणि दोन्ही चालू असताना किती, हे वेगळे लिहिलेले असावे. नुसती बेरीज छापून मोठा आकडा दाखवणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास बसत नाही.

केबलची खंडणी

सगळे नीट असूनही केबल वीज खाऊ शकते. स्वस्त केबलमध्ये वीज नेणारी तांब्याची तार कधी कधी फक्त ०.०८ चौरस मिलिमीटरची असते. एक मीटर लांबीच्या अशा केबलमधून २ अँपिअर नेले, तर जाता-येता मिळून ०.८५ व्होल्ट वाटेतच गळतात. चार्जरकडून ५ निघाले, फोनपाशी ४.१५ पोहोचले. व्होल्ट इतके खाली गेले, की फोनची चिप चार्जर दमला असे समजून स्वतःच मागणी कमी करते. तार ०.२ चौरस मिलिमीटरची असेल तर गळती एक तृतीयांशाच्या थोडी वर राहते.

पीडी पद्धतीत व्होल्ट वाढवण्यामागचे एक मोठे कारण हेच. तेच दहा वॅट ९ व्होल्टने नेले तर प्रवाह सव्वा अँपिअरच्याही खाली येतो, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने घटते. केबल आखूड घ्यावी, हा सल्लाही यातूनच येतो. होल्डरपाशी पोर्ट असेल तर अर्धा मीटर पुरते. त्याहून लांब केबल गिअरपाशी लोंबत राहते, ते वेगळेच.

वायर कुठून घ्यायची

आता मूळ मुद्दा. पोर्ट कितीही चांगला असो, त्याच्यामागची वायर चुकीची असेल तर गाडीत आग लागण्याची जागा आपण स्वतः तयार करतो.

घाईच्या फिटिंगमध्ये डॅशबोर्डखाली हात घालून म्युझिक सिस्टीमची किंवा लायटरची वायर मध्येच सोलतात, नवी वायर तिला पिळतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. फोन चार्ज होतो, गिऱ्हाईक खूश. दोन उन्हाळ्यांत टेपचा चिकटा वितळून ती सुटते, पिळा उघडा पडतो आणि गाडीच्या पत्र्याला टेकण्याची वाट पाहतो. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. त्याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. म्हणजे उघडी वायर कुठेही पत्र्याला लागली की शॉर्ट.

'पण फ्यूज आहे ना,' असे यावर हमखास ऐकायला मिळते. फ्यूज कोणाला वाचवतो, हे इथे समजून घ्यायला हवे. फ्यूज फोनला वाचवत नाही, चार्जरलाही नाही. तो त्याच्या पुढच्या वायरला वाचवतो. समजा, लायटरच्या लाइनवर १५ अँपिअरचा फ्यूज आहे, कारण कंपनीने तिथे जाड वायर टाकली आहे. तिला आपण ०.२ चौरस मिलिमीटरची नाजूक वायर जोडली. ती कुठे तरी घासली आणि अर्धवट शॉर्ट होऊन तिच्यातून १३-१४ अँपिअर वाहू लागले. पंधराच्या फ्यूजच्या दृष्टीने सगळे ठीक आहे, तो उडणारच नाही. ती बारीक वायर मात्र तापून लाल होईल, तिचे आवरण वितळेल, आणि डॅशबोर्डखाली तिच्या शेजारी फोम, कापड आणि इतर वायरींची जुडगी असतात.

म्हणून नव्या वायरला तिच्या जाडीप्रमाणे स्वतःचा लहान फ्यूज हवा, आणि तो वायर जिथून निघते तिथेच हवा. पोर्टपाशी बसवलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरला उघडे सोडतो. यासाठी 'फ्यूज टॅप' नावाची छोटी वस्तू मिळते. फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज काढायचा, त्याच्या जागी टॅप खोचायचा. टॅपमध्ये दोन खाचा असतात. एकीत जुना फ्यूज, दुसरीत नवा, आणि नव्यातून निघालेली वायर पोर्टकडे जाते. कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही. टॅप उलटाही बसतो, ही मात्र ध्यानात ठेवण्याची गोष्ट आहे. उलटा बसला तर नव्या लाइनचा भार जुन्या फ्यूजमधूनही जातो. टेस्टर लावून खाचेची कोणती बाजू जिवंत आहे हे पाहूनच तो खोचावा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा संगणक आणि इंधन पंप यांच्या फ्यूजना हात लावू नये. लायटर, रेडिओ किंवा वायपरची लाइन बरी.

[चौकट]
फिटिंगआधी वायरमनशी बोलताना
दोन पोर्ट मिळून ३० वॅटचा चार्जर बॅटरीकडून जास्तीत जास्त पावणेतीन अँपिअर ओढतो. त्याला ५ अँपिअरचा फ्यूज आणि १ चौरस मिलिमीटरची वाहनांसाठीची वायर पुरेशी. फ्यूज रंगावरून ओळखता येतो: ५ चा फिकट तपकिरी, ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. जोड पिळून नको; क्रिंप केलेला लग किंवा सोल्डर, आणि वर गरम करून आवळणारी स्लीव्ह. अर्थची वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टखाली आवळलेली. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढलेले असावे.
[चौकट समाप्त]

रंग खरवडण्याचे कारण साधे आहे. रंग वीज वाहू देत नाही. रंगावरच आवळलेला अर्थ स्क्रूच्या आट्यांवरून कसाबसा चालतो आणि गंज चढला की पोर्ट कधी चालू, कधी बंद असा खेळ सुरू होतो.

दुसरा निर्णय किल्लीचा. काही लाइन किल्ली काढली तरी जिवंत असतात, काही किल्लीबरोबर बंद होतात. पोर्ट किल्लीच्या लाइनवर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. अनेक पोर्टवर निळा दिवा किंवा व्होल्ट दाखवणारे लाल आकडे असतात. फोन नसतानाही ते आणि आतली चिप मिळून २० मिलिअँपिअर सहज घेतात. दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस, हिशेब होतो १४.४ अँपिअर-तास. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, आणि गाडीचे घड्याळ, लॉक, अलार्म तिच्यातूनच खात असतात. गणपतीला किंवा सुट्टीला महिनाभर गावी जाऊन आलेल्या माणसाची गाडी सेल्फ घेत नाही, तेव्हा शंका बॅटरीच्या कंपनीवर घेतली जाते. आपल्या गाडीचा पोर्ट कोणत्या लाइनवर आहे हे पाहायचे तर किल्ली काढून, दारे लॉक करून पंधराएक मिनिटांनी दिवा जळतो का ते बघावे. काही गाड्या किल्ली काढल्यावरही थोडा वेळ ही लाइन चालू ठेवतात.

होल्डर पडतो तो उंचीमुळे नव्हे

काचेवर दाबून बसणारी रबरी वाटी हवेच्या दाबावर टिकते. सात सेंटिमीटर व्यासाच्या वाटीखालची हवा पूर्ण काढली, तर बाहेरची हवा तिला चाळीस किलोच्या आसपास वजनाने दाबते. फोन फार तर पाव किलोचा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच. तिथे हवेचा दाब पंधराएक टक्के कमी, म्हणजे पकड तेवढीच सैल. तरीही फोनच्या वजनाच्या कित्येक पट ती उरते. वाटी सुटते ती कडेने हवा शिरल्यामुळे. काचेवर धुळीचा कण किंवा तेलकट बोटाचा ठसा असला, किंवा उन्हाने वाटी मऊ होऊन कड दुमडली, की हवा थेंबाथेंबाने आत येत राहते. उन्हात वाटीखालची उरलीसुरली हवा प्रसरण पावते, तीही वाटीला बाहेर ढकलते. लांब दांडीचा होल्डर असेल तर खड्ड्यांचे हिसके दांडीमुळे कैक पटींनी वाढून वाटीच्या एकाच कडेवर येतात. दांडी आखूड असेल तेवढी बरी.

डॅशबोर्डचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यावर ही वाटी धरतच नाही. तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड फोम टेप वापरतात. ती न टिकण्याचे कारण बहुतेक वेळा डॅशबोर्ड पॉलिश असते. चकाकी देणाऱ्या त्या द्रावणातल्या सिलिकोनचा पातळ थर टेपला प्लास्टिकपर्यंत पोहोचूच देत नाही. ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून मगच टेप लावावी, जोराने दाबावी आणि तीन दिवस तिच्यावर फोन ठेवू नये. चांगल्या फोम टेपला पूर्ण ताकद यायला सुमारे ७२ तास लागतात, कारण तिचा चिकटा पृष्ठभागाच्या बारीक खाचांत सावकाश उतरतो.

जागा निवडताना पहिला प्रश्न एअरबॅगचा. भारतात नव्या मॉडेलच्या मोटारींना एप्रिल २०२१ पासून चालकाशेजारच्या आसनासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ती डॅशबोर्डच्या डाव्या भागात, झाकणाखाली घडी घालून ठेवलेली असते आणि अपघातात सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आत फुगते. त्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत होल्डर असेल, तर तो फोनसकट समोरच्या माणसाच्या तोंडावर फेकला जातो. काचेच्या कडेच्या खांबावर 'एअरबॅग' असा शिक्का असेल तर वायर त्या खांबाच्या आवरणाखालून मनाला येईल तशी ओढू नये. आतल्या पडद्यासारख्या एअरबॅगच्या वाटेत ती यायला नको.

दुसरा प्रश्न नजरेचा. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. दोन सेकंद खाली पाहिले, तर तेहेतीस मीटर रस्ता आपण पाहिलेलाच नसतो. फोन गिअरपाशी ठेवला तर मान वाकवावी लागते, काचेच्या मधोमध लावला तर समोरचा पादचारी त्याच्यामागे लपतो. स्टिअरिंगच्या किंचित डावीकडे, डॅशबोर्डच्या वरच्या कडेला टेकून, काचेतून दिसणाऱ्या रस्त्याच्या खालच्या रेषेखाली, ही जागा मला सर्वांत योग्य वाटते. कायदाही याच दिशेचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, गाडी चालवताना फोनचा उपयोग फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष ढळणार नाही अशा रीतीनेच करता येतो. होल्डरमध्ये फोन आहे म्हणून त्यावर व्हिडिओ चालवण्याची मुभा मिळत नाही.

ऊन लागले की फोन जेवण नाकारतो

एप्रिल-मे महिन्यांत वेगळाच अनुभव येतो. चार्जर उत्तम, केबल जाड, तरी चार्जिंग थांबलेले. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर असताना भरली तर तिची झीज वेगाने होते, म्हणून फोनची चिप आधी वेग कमी करते, मग पुरवठा बंदच करते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात केलेल्या मापनांत, उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरले होते. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना त्याहून फार वेगळा नसतो.

म्हणून एसीच्या जाळीला अडकवण्याचा होल्डर आपल्याकडच्या उन्हाळ्यात फार कामाचा आहे. गार हवा थेट फोनच्या पाठीवर येते आणि काचेतले ऊनही तिथे कमी पोहोचते. मात्र जाळीच्या पट्ट्या नाजूक असतात. जड फोनला खालून टेकू देणारा होल्डर घ्यावा. वायरशिवाय चार्ज करणारा होल्डर दिसायला छान, पण त्यात ऊर्जेचा बराच भाग फोनच्या पाठीवरच उष्णता होऊन राहतो. भर उन्हात, नकाशा चालू असताना त्यापेक्षा साधी केबल जास्त वीज पोहोचवते.

रिक्षा आणि दुचाकी

दुचाकीत गणित अधिक नाजूक होते. स्कूटरची बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे जेमतेम ४८ वॅट-तास. इंजिन बंद ठेवून फोन शून्यापासून पूर्ण भरला तर वाटेतली गळती धरून २२ वॅट-तास जातात. जवळजवळ निम्मी बॅटरी. डिलिव्हरीसाठी दिवसभर थांबत-थांबत फिरणाऱ्यांनी इंजिन चालू असतानाच चार्ज करावे. इलेक्ट्रिक स्कूटर किंवा ई-रिक्षाच्या मुख्य बॅटरीला तर चुकूनही साधा चार्जर जोडू नये. ती ४८, ६० किंवा ७२ व्होल्टची असू शकते. दिवे आणि हॉर्नसाठी तिचे १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर गाडीत असतो, वायर त्याच्या पुढून घ्यावी, तीही तो कन्व्हर्टर एवढा भार पेलतो का हे पाहून.

पावसात पोर्टवर पाणी बसले आणि त्यात वीज चालू असली, तर पिनांवरचा मुलामा विजेनेच खाल्ला जातो आणि हिरवट थर धरतो. कोकणात हे एका पावसाळ्यात होते. रबरी झाकणाचा पोर्ट, तोंड खाली करून किंवा पुढच्या कप्प्यात बसवलेला, अधिक टिकतो.

फोनच्या कॅमेऱ्याचाही विचार करायला हवा. हात हलला तरी चित्र स्थिर यावे म्हणून अनेक फोनमध्ये भिंग चुंबकांच्या आधारे तरंगते ठेवलेले असते. मोठ्या मोटारसायकलींच्या इंजिनाची जोरदार कंपने हॅण्डलवाटे तिथे पोहोचून ही यंत्रणा बिघडवू शकतात, असा इशारा अॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनधारकांना दिला होता, आणि स्कूटर-मोपेडवरही कंपने शोषणारा होल्डर वापरण्याचे सुचवले होते. रिक्षाच्या हॅण्डलवर दिवसाचे दहा-बारा तास फोन ठेवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. रबरी गादीचा होल्डर थोडा महाग पडतो, पण कॅमेऱ्याच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त.

हॅण्डलवर पोर्ट बसवून झाला की दुकानातून निघण्यापूर्वी हॅण्डल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून पाहावे. वायर कुठे ताणते का, ब्रेकच्या केबलला अडते का, मानेच्या लोखंडात चिमटते का, हे त्यात लगेच दिसते. ताणत असेल तर तिथेच चार बोटे वायर जास्त सोडून घ्यावी. रोजच्या वळण्याने आतली तांब्याची तार एकेक धागा तुटत जाते आणि बाहेरून आवरण शेवटपर्यंत शाबूत दिसते.